मुकादमाचा घास

८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकट्या,

आम्ही मजेत आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू कसा आहेस? तुझ्या बायकोची पाठ दुखायची थांबली का? तिला म्हणावं, तुझं ऐकून व्यायाम करत बसू नकोस, सरळ डॉक्टर गाठ.

फोन सोडून पत्र कुठून आलं, असं म्हणशील. घरचा फोन अप्पांच्या खुर्चीशेजारी आहे. मी बोलायला लागले की ते रेडिओ बंद करून ऐकत बसतात. मोबाइल घेऊन गॅलरीत गेले तर खुर्ची गॅलरीकडे वळवून बसतात आणि मी आत आले की विचारतात, "माझ्याबद्दल काय सांगत होतीस?" लिहिताना मात्र त्यांना वाटतं, मी पडद्यांची मापं उतरवून घेतेय. तेवढीच सुटका.

तर मुद्द्याचं सांगते. मुकादमाला दुसरं घर बघावं लागणार आहे. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. आई गेली त्या वर्षी तूच ते कुत्र्याचं पिल्लू शर्टात गुंडाळून आणलंस, अप्पांच्या मांडीवर टाकलंस आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेलास. अप्पांनी आधी थयथयाट केला, मग आठवड्याच्या आत त्याला हुद्दाही देऊन टाकला. काम काही न करता सगळ्यांवर नजर ठेवतो, म्हणून मुकादम. तेव्हा आपण किती हसलो होतो.

आता तो मुकादम चांगला दांडगा झालाय आणि नोकरी मनावर घेऊन बसलाय. त्याच्या भांड्याजवळून कुणी गेलेलं त्याला चालत नाही. अप्पांच्या ताटाजवळून तर नाहीच. ते खुर्चीत बसले की हा पायाशी आडवा पडतो. मी ताट घेऊन आले की आधी दारातून हाक मारायची, मग भिंतीकडून हळूहळू यायचं, ताट ठेवायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकायचं. स्वतःच्या घरात मी अशी चालते.

गेल्या महिन्यात नर्सबाईंनी अप्पांचं अर्धवट राहिलेलं ताट उचलायला हात घातला. तो गुरगुरलासुद्धा नाही. गुरगुरला की मी त्याच्या अंगावर ओरडायचे, तर त्याने गुरगुरणं सोडलं आणि चावणं ठेवलं. मनगटाला टाके पडले. बाई बिचाऱ्या रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की कुत्रा असेपर्यंत मी यायची नाही. त्यांच्यासारख्या दुसऱ्या दोघींना विचारलं, त्यांच्या कानावर ही बातमी आधीच गेली होती. रात्रीचं उठणं माझंच होतं, आता अप्पांची आंघोळ, चादरी, सगळं माझ्याच गळ्यात. शाळेच्या सभागृहाचे पडदे मशीनवर तसेच पडलेत, आणि तिथला शिपाई रोज येऊन बघून जातो.

परवा मुकादम दिवसभर लोळत पडला होता. काहीतरी खाल्लं असेल. आता बरा आहे.

कुणाला कुत्रा हवा असेल तर कळव. पण कुणीही चालेल असं नाही. लहान मुलं असलेलं घर नको.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. चांगलं चार पानी आहे. "अप्पांना एवढा एकच आधार आहे, तोही तू काढून घेतेस" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग पत्र मशीनच्या खणात टाकलं आणि दोन पडदे शिवून काढले. राग आला की माझी टीप सरळ येते, हे तुला माहीत आहे.

मुकादमाला घर मिळालंय. गावाबाहेर लाकडाची वखार आहे, तिथला मालक परवा येऊन बघून गेला. मी त्याच्यापासून काही लपवलं नाही. चावलाय हे सांगितलं, कुणाला, कसं, तेही सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मला शिकवलेलं सगळं त्यालाही शिकवलं. भांडं ओढायचं नाही, लांबून त्याहून चांगलं काहीतरी टाकायचं आणि तो तिकडे गेला की मग उचलायचं. गुरगुरला तर रागवायचं नाही, थांबायचं. ते मी आधी शिकले असते तर नर्सबाईंचं मनगट वाचलं असतं.

वखारवाला शांत माणूस. आल्या आल्या कुत्र्याकडे पाठ करून जमिनीवर बसला आणि मागे न बघता उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकत राहिला. मुकादम उठून त्याच्यापर्यंत गेला, हुंगलं, आणि परत अप्पांच्या पायाशी येऊन बसला. जाताना तो दारात मला म्हणाला, "म्हाताऱ्यांना राखतो तो. पण कुणापासून?"

मी म्हटलं, सवय आहे त्याला. तो बरं म्हणाला आणि चपला घालून गेला.

धाकट्या, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. म्हणजे सांगितली नाही.

अप्पा कॅन्टीन चालवायचे तेव्हाची त्यांची पद्धत तुला आठवत असेल. कारखान्याची पूर्ण पाळी एकदा जेवण बाधून आजारी पडली, तेव्हापासून त्यांनी नियम केला की स्वयंपाक्याने पहिला घास सगळ्यांसमोर खायचा, मगच वाढायचं. घरीही आईला म्हणायचे, "आधी तू," आणि आई हसून खायची. आई गेल्यावर तो घास ते मुकादमाला द्यायला लागले. आपल्याला वाटलं लाड चाललेत. आता ते लाड राहिले नाहीत. या हिवाळ्यापासून अप्पांच्या डोक्यात बसलंय की मी त्यांना काहीतरी घालते. ते घास देतात, मुकादम खातो, मग ते त्याच्याकडे बघत बसतात. अन्न गार होतं. तो नीट उभा आहे, शेपूट हलवतोय, अशी खात्री झाली की जेवायला लागतात. मी सकाळपासून राबून केलेलं अन्न कुत्र्याने पास करायचं आणि मी दाराशी उभं राहून निकालाची वाट बघायची.

आणि ते खोटं नाही, धाकट्या. मी घालते.

डॉक्टरांनी त्यांना झोपेची गोळी दिली आहे, अर्धी, रात्री. ते ती गालात धरून ठेवतात आणि नंतर थुंकतात. म्हणून मी ती कुटून मऊ भातात कालवायला लागले. डॉक्टरांना विचारलं नाही. मग वाटलं, दुपारी झोपले तर मला मशीनवर बसता येईल. म्हणून दुपारीही अर्धी. एकदा पूड वरच राहिली, नीट कालवली गेली नाही, आणि पहिला घास मुकादमाचा. तो लोळत पडला होता म्हणून लिहिलं ना, तो हाच दिवस. उठायला गेला की मागचे पाय घसरायचे. अप्पा खुर्चीतून ते बघत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि रात्रीपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेव्हापासून ते मला "ताई" म्हणत नाहीत. हाकच मारत नाहीत.

मुकादम गेला तर नर्सबाई परत यायला तयार आहेत, हे खरं आहे. तेवढंच कारण आहे असं मी स्वतःलाही सांगते. वखारवाला येत्या रविवारी त्याला न्यायला येईल. तू येऊन जाशील का? नाही जमलं तर राहू दे, मी आपली विचारते.

ताई

४ मार्च, इस्पितळाच्या व्हरांड्यात

धाकट्या,

फोनवर मी तुला फक्त "निघ" म्हणाले. बाकीचं तोंडातून फुटेना. तू पोचलास की हे हातात देईन, आणि तू वाचत असताना मी समोर थांबणार नाही.

रविवारी मुकादम गेला. तोंडाला जाळी बांधून घेतली, गाडीत गुपचूप चढला. अप्पांना सांगितलं होतं, ते ऐकत होते की नाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वखारवाल्याचा फोन आला. म्हणाला, तुमचा कुत्रा गरीब आहे हो, मी भांड्यात हात घातला तरी बाजूला होतो. मी म्हटलं, असू दे, अजून सांभाळून राहा. फोन ठेवला आणि मला बसवेना.

नर्सबाई सोमवारपासून येणार होत्या, त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं म्हणून त्यांनी दोन दिवस पुढे ढकललं. त्यांच्यावर खापर फोडायचं नाही मला. पण सोमवारी सकाळी ते कळलं तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला होता. अप्पांनी रात्रभर भिंतीवर काठी आपटली होती. अंथरूण तीनतीनदा बदललं. दुपारी मी भात केला आणि गोळ्या कुटल्या. अर्धी नाही. किती ते मी डॉक्टरांना नेमकं सांगितलंय, तुला इथे लिहीत नाही. मन लावून कालवलं, पूड कुठे दिसू नये म्हणून वरून दूध घातलं. मुकादम असता तर एवढं घालायची माझी हिंमत झाली नसती. हे मला कालवतानाच कळत होतं.

मला त्यांना मारायचं होतं का, हे तू विचारशील. मला शांतता हवी होती. किती वेळाची, ते मी ठरवलं नव्हतं.

वाडगा नेऊन ठेवला. दारातून हाक मारायची गरज नव्हती, तरी मारली. त्यांनी घास केला आणि खुर्चीच्या बाजूला खाली धरला. तिथे कुणी नाही. ते तसेच धरून बसले. मी म्हटलं, "अप्पा, मुकादम नाही आता. वखारीत गेलाय."

त्यांनी हात वर आणला आणि माझ्यासमोर धरला.

"मग तू घे."

"मला भूक नाही."

"भुकेचं नाही. ज्याने केलं त्याने आधी खायचं."

मी तोंड फिरवलं. एवढंच केलं मी. मला खोटं खोटं खाता आलं असतं, वाडगा हातातून पाडता आला असता, ओरडता आलं असतं. मी खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिले.

ते माझ्याकडे बघत होते. डोळे अगदी स्वच्छ होते, कॅन्टीनमध्ये एखाद्याची चोरी पकडल्यावर असायचे तसे. मग म्हणाले, "बरं," आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला. पुढचाही. त्या दिवशी त्यांनी सांडलं नाही, थुंकलं नाही. वाडगा बोटाने पुसून खाल्ला. म्हणाले, "चांगला झालाय, ताई."

किती दिवसांनी त्यांनी मला ताई म्हटलं. मी उभी होते. मी हात धरला नाही.

मग मी वाडगा उचलून आत नेला, घासला, पुसला आणि पालथा घातला. तो पालथा घातल्यावर मला एकदम भीती वाटली. अनवाणी धावत डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. ते लगेच आले, गाडी बोलावली. अप्पा खुर्चीत मान टाकून होते, ओठ निळे पडायला लागले होते. डॉक्टरांनी विचारलं, "जास्त गेली का चुकून?" मी म्हटलं, "चुकून नाही." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही दमला आहात. चुकून झालं असंच मी धरतो. एकट्या बाईने किती करायचं."

मी परत सांगितलं. त्यांनी मला चहा मागवला.

अप्पा काल सकाळी शुद्धीवर आले. मी पायाशी उभी होते, माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटले. सगळे मला शाबासकी देताहेत. शेजारीण डबा घेऊन आली, म्हणाली मुलगी असावी तर अशी. नर्सबाईंनी उद्यापासून येते म्हणून निरोप पाठवला, पण त्या सकाळी येतात आणि दुपारी जातात. परवा अप्पांना घरी सोडणार आहेत. माझ्या हवाली. मी सांगून पाहिलं, धाकट्या, कुणी मनावरच घेत नाही. मला इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती, आणि ती माझीच वाटते.

तेव्हा आलास की आधी त्यांच्याजवळ जा. त्यांना तुझ्याकडे ने, नाही जमलं तर इथे राहा, पण मला त्यांच्यासोबत एकटं सोडू नकोस. गोळ्या तुझ्या खिशात ठेव. आठवड्याने मी नीट जेवलेली, झोपलेली दिसेन, हसून बोलेन, तुझी थट्टा करेन आणि म्हणेन की आता मी सावरले आहे, तू खुशाल जा, तिकडे तुझी बायको वाट बघत असेल. मी ते अगदी पटेल असं म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नकोस.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
ताई