छंद: वाचन, पोहणे

५ एप्रिल, शनिवार. सायं. ६.४०

घडले ते असे.

१. सकाळी ११.१० वाजता दत्तक संस्थेचा फॉर्म ऑनलाइन भरायला घेतला. एकूण रकाने २३.
२. रकाना १७, छंद. 'वाचन' लिहिले. एकटा शब्द ओकाबोका दिसत होता. पुढे 'पोहणे' जोडले.
३. मला पोहता येत नाही.
४. रकाना २१, अडचणीच्या वेळी मदतीला येऊ शकतील अशा दोन व्यक्ती. 'आवश्यकता नाही' लिहिले. हे मात्र खरे आहे.
५. दुपारी १२.५५ ला सबमिट दाबले. दुरुस्तीची सोय नाही.

मुद्दा ३ बद्दल. हे खोटे बोलणे नाही. संस्थेच्या बाई घर बघायला येतील त्याला सहा ते आठ आठवडे आहेत. तोवर पोहायला शिकले की वाक्य आपोआप खरे होते. लॅबमध्ये कुणी उपकरण तपासण्याआधीच सर्टिफिकेट छापले तर मी त्याला समोर उभे करून झापते. पण ते थर्मामीटर आणि प्रेशर गेजच्या बाबतीत. ही माणसांची गोष्ट आहे.

संकल्प: दीड महिन्यात पोहायला शिकणे. संस्थेचे पोर्टल दिवसातून एकदाच उघडणे. कुणालाही न सांगणे.

६ एप्रिल, रविवार

तिसरा संकल्प मोडला. बॉयलरला सांगावे लागले. (बॉयलर: कॉलेजपासूनची मैत्रीण. कारखान्यांतले बॉयलर तपासते. आवाजही तसाच.) सांगण्याचे कारण एवढेच की तिच्याकडे तलावाची मेंबरशिप आहे. ती फोनवर बराच वेळ हसली. मग म्हणाली, अगं, गिर्यारोहण लिहायचंस ना, डोंगर घरी आणून दाखवा असं कुणी म्हणत नाही. मी म्हटले, तलावही घरी आणायचा नाहीये. ती म्हणाली, मग रडतेस कशाला?

मी रडत नव्हते. नोंद असावी.

दहा मिनिटांत डेंटिस्टचा फोन. म्हणजे बॉयलरने तिला सांगितले. डेंटिस्ट आमच्यातली तिसरी. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. मी त्या मुलीला ऑडिटर म्हणते, कारण ती घरात शिरल्याबरोबर सगळे ड्रॉवर उघडून बघते.

पोर्टल: चार वेळा. नवीन आहे, समजून घेणे गरजेचे.

१३ एप्रिल, रविवार

तलाव. उथळ भागाच्या पाटीवर ९० सेंमी लिहिले आहे. मोजले, ९४ भरले. जीवरक्षकाला सांगितले. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही आधी पाण्यात तर उतरा.

पाण्यातला एकूण वेळ ३५ मिनिटे. त्यांपैकी शिडी धरून ३५.

नंतर हिरवळीवर सावलीत कलिंगड. बॉयलरने घरून सुरी आणली होती, पण ताट विसरली, म्हणून तलावाच्या नियमांच्या फलकाखाली वर्तमानपत्र पसरून बसलो. मी मजा करायला गेले नव्हते, त्यामुळे दोनच फोडी घेतल्या. मग आणखी तीन. ऑडिटर प्रत्येकाच्या बिया मोजत होती. मध्येच तिने विचारले, मावशी, तुझं बाळ कुठे आहे? मी सांगितले, प्रोसेसमध्ये आहे. तिने विचारले, प्रोसेस किती लांब आहे? डेंटिस्टने तिच्या तोंडात फोड कोंबली.

ऑफिसात असले प्रश्न कुणी विचारत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

छोट्या खोलीतला पलंग जोडला. ड्रॉइंगप्रमाणे सगळे बसले, तरी एक स्क्रू उरला. पलंग हलवून, दाबून, शेवटी स्वतः त्यावर बसून पाहिले. काही झाले नाही. उत्पादकाने जादाचा दिला असावा. उत्पादक कधी जादाचा देत नाहीत, हे मला माहीत आहे.

स्वयंपाकघरातल्या कपाटांना मुलांना उघडता येणार नाहीत अशा कड्या लावल्या. ऑडिटरला चाचणीसाठी बोलावले. तिने पहिली कडी चार सेकंदांत उघडली आणि विचारले, आता काय करू? यापेक्षा घट्ट कड्या मागवल्या आहेत.

जाताना तिने चित्र काढून फ्रिजवर लावले. निळे पाणी, तिघी बायका, एक शिडी. शिडी धरलेली मी.

पोर्टल: सात. शनिवार धरायचा नसतो.

२७ एप्रिल, रविवार

तरंगायला शिकले. डेंटिस्ट म्हणाली, माझ्या खुर्चीत पडल्यासारखी पड, वर बघ, मान सैल सोड. ती पेशंटनाही हेच सांगते आणि मग ड्रिल सुरू करते. तरी पडले. ११ सेकंद. स्टॉपवॉच बॉयलरकडे, म्हणजे एक सेकंद इकडेतिकडे.

प्रगती समाधानकारक. या दोघी फार उत्साहात आल्या आहेत, त्यांचा वेळ उगाच जातो. पुढच्या रविवारपासून एकटीने जाणार.

४ मे, रविवार

एकटीने गेले नाही. बॉयलर साडेसातलाच घराखाली येऊन हॉर्न वाजवत बसली. सगळ्या बिल्डिंगला कळण्यापेक्षा उतरणे बरे. २६ सेकंद.

दुपारी तिच्याकडे पत्ते. पडदे ओढलेले, कूलर चालू, चौघी जमिनीवर. ऑडिटर डेंटिस्टच्या मांडीवर बसून तिची पाने मोठ्याने वाचत होती, तरी डेंटिस्टच जिंकली. मी हरले असे म्हणता येणार नाही, मी मोजणी मध्येच थांबवली. बॉयलर म्हणाली, हिला हरताही येत नाही धड, हिच्या पोराचं कसं होणार? सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर ते वाक्य दोनदा आठवले.

९ मे, शुक्रवार

पोर्टलवर आले: घराची भेट, २४ मे, शनिवार, सकाळी ११.

आज पोर्टल चौदा वेळा उघडले, पण तेरा वेळा केवळ तारीख बरोबर वाचली की नाही ते पाहण्यासाठी.

आईला फोन केला. ती बारा तासांच्या अंतरावर राहते आणि तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. तिने विचारले, पोराला ताप आला तर काय करशील एकटी? मी सांगितले, घरात दोन थर्मामीटर आहेत, दोन्ही मी स्वतः तपासलेले, ०.१ अंशाच्या आत बरोबर.  ती म्हणाली, ताप मोजून उतरत नाही गं.

शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. म्हणून वाद घातला नाही.

१८ मे, रविवार

४० सेकंद! आलेख काढला. रेषा जवळजवळ सरळ. याच वेगाने जूनअखेर दीड मिनिट, वर्षाअखेर पाच मिनिटांच्या घरात. हात मारणे हा त्यानंतरचा किरकोळ भाग.

आइस्क्रीम खाताना डेंटिस्ट म्हणाली, शनिवारी मी येऊन बसू का तुझ्याकडे? बॉयलर म्हणाली, मी चहा करते, तू तोंड बंद ठेव, पास होशील. दोघींना नको सांगितले. चाचणी चालू असताना खोलीत बाहेरची माणसे असली की रीडिंग बिघडते, हे समजावून दिले.

डेंटिस्ट म्हणाली, बाहेरची?

तांत्रिक अर्थाने, असे मी म्हटले. तिने ऑडिटरचे तोंड पुसायला घेतले. तोंड स्वच्छ होते.

२४ मे, शनिवार. दु. १.३०

भेट उत्तम झाली. तपशील.

बाई ११.०५ ला आल्या. साठीच्या आसपास, घामाघूम, खांद्याला फुगलेली पिशवी. पाणी मागितले. ग्लास कपाटात होते. कपाटाला नव्या कड्या होत्या. साडेतीन मिनिटे प्रयत्न करून मी त्यांना पाणी मोजपात्रातून दिले. (नवीन, घरगुती.) त्यांनी पात्र उजेडात धरून विचारले, किती प्यायचंय? विनोद असावा.

पलंग पाहिला. हाताने हलवून पाहिला. करकरला. मी उरलेल्या स्क्रूबद्दल काही बोलले नाही, त्यांनी विचारले नाही.

रकाना १७: त्या म्हणाल्या, अरे वा, पोहता? माझी नातही शिकते आहे. कुठे जाता? मी तलावाचे नाव आणि खोली सांगितली, ९४ सेंमी. त्या हसल्या आणि पान उलटले. संपले. सात आठवड्यांच्या तयारीला वीस सेकंद.

रकाना २१: त्यांनी विचारले, 'आवश्यकता नाही' म्हणजे? मी सांगितले, रजा शिल्लक आहे, विमा आहे, बालरोगतज्ज्ञ ६०० मीटरवर, थर्मामीटर दोन. त्यांनी विचारले, आणि ताप तुम्हालाच आला तर? मी म्हटले, मला सहसा येत नाही.

मग फ्रिजवरचे चित्र बघून विचारले, हे कुणाचं? मी म्हटले, एका ओळखीच्या मुलीचं. त्या म्हणाल्या, ओळखीच्या? आणि शिडी धरलेली कोण? मी म्हटले, सांगता येत नाही.

त्यांनी काहीतरी लिहिले. पेन बराच वेळ चालत होते, साधारण पंधरा शब्द. एवढे कौतुकच लिहीत असणार.

त्या गेल्यावर कडी आपोआप उघडली.

१ जून, रविवार

५५ सेकंदांची अपेक्षा होती. मी तरंगत असताना ऑडिटर नवा गॉगल घालून पाण्याखाली गेली. वर येऊन तिने सगळ्या तलावाला ऐकू जाईल असे सांगितले: आईचा हात मावशीच्या पाठीखाली आहे!

मी विचारले, आज? ऑडिटर म्हणाली, रोज असतो.

म्हणजे २७ एप्रिलपासूनची सर्व रीडिंग बाद. आलेख बाद. पायरीवर टॉवेल घेऊन बसले. बॉयलर म्हणाली, काय बिघडलं, तरंगत होतीस ना? मी म्हटले, तरंगत नव्हते, ठेवलेली होते. डेंटिस्ट म्हणाली, पहिल्याच दिवशी सोडलं असतं तर तू पुन्हा आली असतीस का? मी खरे उत्तर शोधले आणि ते दिले नाही.

हात काढून पुन्हा चाचणी घेतली. ६ सेकंद. नाकात पाणी.

डेंटिस्टशी बोलायचे नाही असे ठरवले. आइस्क्रीमपर्यंत पाळले.

९ जून, सोमवार

पोर्टल: 'प्रलंबित'.

शेरा: रकाना २१. अर्जदाराने आधार देणाऱ्या दोन व्यक्तींची नावे व त्यांची सही केलेली संमतिपत्रे २० जूनपर्यंत द्यावीत, अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल.

प्रथम सर्व्हरची चूक वाटली. पान तीन वेळा पुन्हा उघडले. मग संस्थेला तीन पानी खुलासा लिहायला घेतला: एकटी सक्षम व्यक्ती आणि तिची कार्यपद्धती, परिशिष्टासह. दुसऱ्या पानावर थांबले. छोट्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. करकरला.

११ जून, बुधवार

खुलासा पाठवला नाही. निदान रकाना १७ तरी स्वच्छ असावा म्हणून बाईंना कळवले, की मला पोहता येत नाही, क्षमस्व. दोन तासांत उत्तर: चित्र बघूनच कळलं होतं. रकाना २१ चे काय?

फोनमधली यादी तपासली. २१२ नंबर. पुरवठादार, ग्राहक, प्लंबर, गेज दुरुस्तीवाले तिघे. सोयीची नावे दोनच. पण डेंटिस्टचे क्लिनिक आहे. बॉयलर सारखी दौऱ्यावर असते. त्यांना अडचणीत टाकणे बरोबर नाही. आणि कॉलेजात एकदा कॅल्क्युलेटर मागितला होता, त्यानंतर मी कुणाकडे काही मागितल्याची नोंद नाही. तलावाची मेंबरशिप बॉयलरने स्वतःहून दिली होती. जवळजवळ.

१३ जून, शुक्रवार

संध्याकाळी दोघींबरोबर आइस्क्रीम. विषय काढायचे ठरवून गेले होते. निघाला नाही. पावणेदोन तासांत निघाला नाही. वितळलेले आइस्क्रीम, बॉयलरचा बॉस, डेंटिस्टच्या पेशंटची कवळी, सगळे निघाले.

१५ जून, रविवार

तलाव. ६ सेकंद. हात नको, असे मीच सांगितले होते.

बॉयलरने विचारले, तुझ्या त्या फॉर्मचं काय झालं? मी म्हटले, प्रोसेसमध्ये. ऑडिटरने विचारले, आता किती लांब आहे? मी म्हटले, पाच दिवस. तिघींनी टाळ्या वाजवल्या. चुकीची समजूत दुरुस्त करायला हवी होती. बॉयलरने लगेच कलिंगड कापायला घेतले. या खेपेला तिने ताटही आणले होते.

१६ जून, सोमवार. सायं. ७.१५

सहावा मसुदा. पाचव्यात 'कृपया' चार वेळा आले होते, तिसऱ्यात आलेख होता. हा दोघींना आत्ता पाठवला.

बॉयलर आणि डेंटिस्ट,
१. फॉर्मच्या रकाना २१ मध्ये मी 'आवश्यकता नाही' असे लिहिले होते. ते चूक होते.
२. अर्ज त्यामुळे अडला आहे. काल टाळ्या वाजवल्यात, तेव्हा मी सांगायला हवे होते. २० तारखेला तो बंद होईल.
३. दोन नावे लागतात. माझ्याकडे दोनच आहेत.
४. काम असे: मुलाला ताप आला तर येणे. मला आला तर येणे. मला येतो. मार्चमध्ये चार दिवस होता, मी सांगितले नव्हते.
५. नाही म्हणालात तरी रविवारी तलावावर येईन. तेव्हा हात असला तर चालेल.
संमतिपत्रे सोबत जोडली आहेत. दोघींनी बुधवार, १८ जून, संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवावे.