रताळ्याचे शुभमंगल

हिंडलगा

ज्येष्ठ बंधू भरमाअण्णास कनिष्ठाचा साष्टांग प्रणिपात.

टपाल खात्याची सेवा परलोकापर्यंत अद्याप विस्तारलेली नसल्याने हे पत्र धाडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि वृत्त कळविणे कर्तव्य आहे.

परवा तुझ्या लेकीचा, स्नेहलचा विवाह आहे. पंचक्रोशीतील दोनशे वधूवरांची मंगलाष्टके रचणारा हा कविकुलभूषण महिनाभर कोऱ्या कागदापुढे बसून होता. वधूपित्याच्या नावाची ओळ आली की लेखणी अडे आणि मंगलाष्टकाचा विलाप होई.

काल स्नेहलने मला परसात ओढून नेले. एका पाटावर मक्याचे कणीस, दुसऱ्यावर रताळे, आणि मध्ये तुझा पंचा अंतरपाट म्हणून धरून ही उभी! आपला बालपणीचा खेळ तूच तिला सांगितलेला.

"काका, म्हणा की! नवरी वाळाय लागली."

"अगं, मी पन्नाशीचा विद्वान गृहस्थ..."

"व्हय, ठाऊक हाय. नवऱ्याच्या तोंडाला माती लागलीया, तेवढी पुसा."

मी माती पुसली आणि रताळ्याच्या कुलाची थोरवी गाऊ लागलो. हसून हसून दोघे बेजार झालो. चौथ्या ओळीत कणसाच्या पित्याचे नाव हवे होते, तुझेच घातले. वृत्तात चपखल बसले. त्यानंतर स्नेहलची आठही कडवी सायंकाळपर्यंत कागदावर उतरली.

रताळ्याचा विवाह मात्र अपूर्ण राहिला. कडवे संपले की 'सावधान' तू ओरडायचास. आम्ही दोघेही थांबलो. पंचा धरून तिच्या हातांना रग लागली, तरी तिने तो खाली घेतला नाही.

तुझा आज्ञाधारक, परंतु आज्ञेविना राहिलेला,
यल्लाप्पा