केसांतले तारे

॥ श्री ॥
नांदेड, २४ जुलै १९८२

चि. सौ. कस्तुरास ग्यानोबादादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुमच्याकडे पाऊस नाही, इथेही आभाळ कोरडंठाक. पण रागावू नकोस, माझं यंदा फावलं आहे. धनु राशीकडचे तेजोमेघ आणि तारकागुच्छ ऐन पावसाळ्यात वर येतात, त्यामुळे एरवी ढगांमुळे क्वचितच दिसतात. यंदा अमावास्येला अर्धापूरच्या पुढे माळावर कॅमेरा लावला आणि तारे सरकतील तसा कॅमेरा त्यांच्यामागे वळावा म्हणून हातानं स्क्रू फिरवत बसलो. स्टुडिओ सोडून हे काय खूळ, असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हटलं, यंदा मेघ म्हणून दिसणार ते हे तेजोमेघ तेवढेच.

तुझ्या सिंधूचा मे महिन्यात काढलेला फोटो अजून धुवायचा आहे. अर्धा रोल शिल्लक होता, म्हणून तो न धुता कॅमेऱ्यातून काढून ठेवला. पोर चार वर्षांची झाली तरी तिचा एक फोटो नाही म्हणून तू भांडतेस, ते बरोबरच आहे. व्यंकटरावांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा दादा

औसा, १९ ऑगस्ट

ती. दादास कस्तुराचा नमस्कार.

वर श्री घातला नाही, कोपराही फाडला आहे, त्यावरून समजला असशील. आपली सिंधू गेली. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी सगळेच पीत होतो. तिला हगवण लागली ती थांबलीच नाही. लातूरला न्यायला निघालो, वाटेतच हातावर गेली. परतलो तर चावडीवर नवा जिल्हा झाल्याचे पेढे वाटत होते. आता पत्त्यावर जि. लातूर लिहीत जा.

डोळे मिटले की तिचा आजारातलाच चेहरा येतो. हसरा आठवत नाही, त्याची मला भीती वाटते. तो फोटो तेवढा पाठव. हे पत्र वाचून फाडून टाक.

कस्तुरा

नांदेड, ३० ऑगस्ट

चि. कस्तुरास आशीर्वाद.

तुझ्याकडून आलो तो आधी रोल शोधला. सापडेना. शेवटी कळलं, अमावास्येला नवा समजून मी तोच रोल कॅमेऱ्यात भरला होता. तिच्या फोटोवरच आभाळ उमटलं आहे. चेहरा ओळखू येतो, पण मोकळ्या केसांत सगळे तारेच तारे. कपाळाशी तेजोमेघाचा धूसर डाग आहे. सोबत पाठवतो. एवढी वर्षं या धंद्यात आहे, असं कधी केलं नव्हतं.

बघणारे म्हणतात, पोर ताऱ्यांतच गेली. तूही तसं समज, म्हणजे मनाला जरा बरं वाटेल.

दादा

औसा, ६ सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

ती ताऱ्यांत गेलेली नाही. बांधावरच्या लिंबाखाली आहे. माती मीच लोटली, मला माहीत आहे. सासूबाई फोटोला हात जोडतात, मला बघवत नाही. ज्या आभाळानं विहीर आटवली तेच तिच्या डोक्यावर का ठेवू? तू खूश होतास तेव्हा आम्ही ढगाची वाट बघत होतो. हे तुला लागेल, पण लागू दे.

लग्नाच्या फोटोंतले डाग तू काळ्या शाईनं भरतोस, तसे हे तारे भरून काढ. मला माझी पोर पाहिजे.

कस्तुरा

नांदेड, २० सप्टेंबर

चि. कस्तुरास आशीर्वाद.

बारीक ब्रशनं एकेक तारा भरला. कपाळावरचा डागही जमेल तेवढा काढला. डाव्या कानाजवळचा एक ठिपका मात्र तसाच ठेवला आहे. तारा आहे की तिच्या कानातलं, ते मला ओळखता येईना. भिंगातून बघितलं तरी कळलं नाही. तू सांग, तसं करतो. काचेची फ्रेम करून व्यंकटरावांच्या भावाबरोबर पाठवतो आहे. माझ्यावरचा राग ठेवलास तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.

दादा

औसा, २ ऑक्टोबर

ती. दादास कस्तुराचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोटो पोचला. कानाजवळचं तिचं डूल आहे, आत्यानं दिलेलं. पुसलं नाहीस, बरं केलंस.

हसते आहे रे ती. मी विसरले होते, हसताना तिचा एक डोळा बारीक व्हायचा. फोटो काढलास त्या दिवशी आधी वेणी घालू दे म्हणत होते, तू थांबला नाहीस. आता केस पुन्हा काळेभोर झालेत. फोटो घेऊन बसले की हात आपोआप वेणी घालायला जातो, आणि बोटांना काच लागते.

राग नाही. येत जा.

तुझी कस्तुरा