पलंगाच्या पायथ्याकडची वेल

मी, जुन्या फर्निचरला रंग देऊन संसार चालवलेली, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करत आहे. हात थरथरतात, डोकं नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांना समान मिळावी. दोघांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही.

२. निळे कपाट मुलीला. रंग ओला असताना तुझ्या वडिलांनी दार लावून टाकलं, ते असं चिकटलं की कोट राहिला आतच आणि स्वारी तुझ्या आत्याच्या लग्नाला डाग पडलेल्या शर्टात गेली. दाराच्या कडेचा टवका पटाशीने उचकटतानाचा आहे. तो भरू नकोस. त्या माणसाने आयुष्यभर माझे रंगाचे डबे उचलले, एवढी त्याची खूण राहू दे.

३. आरशाचे टेबल नणंदेला. तेच कपाट पाहून तिने चारचौघांत विचारलं होतं, "वहिनी, हे कपाट आहे की आइस्क्रीमची गाडी?" पुढे स्वतःचं कपाट तसंच निळं करून घेतलं ते वेगळंच. तो राग मी आजवर जपला. टेबलाबरोबर तोही देऊन टाकते.

४. ब्रश, पॉलिश पेपर आणि लाकडाच्या भेगांत लांबी भरायची पत्री सुतारभाऊंना. लाकडाला रंग फासणं पाप आहे असं म्हणत म्हणत त्यांनीच मला निम्मी गिऱ्हाइकं आणून दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. ब्रश धुऊन ठेवावेत, ही विनंती नसून अट आहे.

५. सागवानी पलंग सुनेला, एकटीला. मुलाने हक्क सांगू नये. "रंग खरवडला तर आतलं सागवान चांगल्या भावात जाईल" हे त्याचं बोलणं मी ऐकलं आहे. कान अजून शाबूत आहेत.

हा पलंग सासूबाईंचा. शेवटच्या आजारपणात त्या म्हणाल्या, "दिवसभर समोर हे काळं फळकूट बघून जीव विटला गं. काढ ना काहीतरी." पायथ्याकडच्या फळीवर आतल्या बाजूने, फक्त झोपलेल्याला दिसेल अशी, मी वेल काढायला घेतली. रोज एक पान. उशीवरून त्यांचा हुकूम यायचा, "आज डावीकडे वळव." त्या गेल्या आणि वेल अर्ध्यावर थांबली. पुढे काढायला माझा हात धजला नाही.

आता त्या उशीवर मी आहे. सून हिशेबाच्या ऑफिसातून दमून येते, ब्रश जन्मात धरला नव्हता. एक दिवस पायथ्याशी मांडी घालून बसली. "आई, पुढे एक फूल कसं काढू? तुम्ही सांगा, मी काढते." फूल कसलं, कोबीचा गड्डा झालाय! दवाखान्यातून आल्यापासून मी पहिल्यांदा पोट धरून हसले. पोरी, तू मला काय दिलंस ते तुला माहीत नाही.

म्हणून पलंग कोणी खरवडू नये. वेल पुढे न्यायची की नाही, ते सुनेने ठरवावे. मी आयुष्यभर लोकांच्या फर्निचरचे दोष झाकले, पण त्या फुलाला कोणीही, विशेषतः सुतारभाऊंनी, हात लावू नये.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई आणि समोरची शिंपीणबाई, दोघींनी माझ्यासमोर सह्या केल्या. सुतारभाऊ रुसले आहेत. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करत नाहीत, हे त्यांना समजावून सांगावे.

सही: वाकडी आहे, पण माझीच.
दिनांक: १४ ऑक्टोबर
स्थळ: याच पलंगावर, कोबीकडे तोंड करून.