पिवळ्या पुडीची जबाबदारी निश्चित होणेबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
अभियांत्रिकी विद्याशाखा, शिनचू.

विषय : कु. लाय पै-शान यांच्यावरील ठपका अर्जदाराच्या नावे वर्ग करणे व त्यांना प्रबंधासाठी एका सत्राची मुदतवाढ देणे.

संदर्भ : थर-भट्टी बिघाड चौकशी अहवाल, दि. ३ जून.

महोदय,

१. अर्जदार प्रा. फान यु-जुंग यांची हयात अर्धवाहक पदार्थांचे अणूएवढे थर एकावर एक चढवण्यात गेली. विचार करणाऱ्या यंत्राला आठवण शोधायला दूर जावे लागू नये, विचार आणि आठवण एकाच थरात नांदावीत, एवढाच त्यांचा ध्यास. त्यांच्या विद्यार्थिनी कु. लाय यांचा प्रबंध हे त्या कामाचे शेवटचे टोक होय.

२. यंत्राने न रुसता चालावे म्हणून प्रत्येक यंत्रावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवण्याची येथील रीत आपण जाणताच. हिरवा दिवा म्हणजे यंत्र चालू, पिवळा म्हणजे थांबले; म्हणून पुडी हिरवीच. मे महिन्यात परदेशी परीक्षक आले तेव्हा अर्जदारांना तिची लाज वाटली. त्यांनी ती थर-भट्टीवरून उचलून आपल्या खणात लपवली आणि पाहुणे गेल्यावर, हिशेब तपासता तपासता, नकळत खाऊन टाकली.

३. दुकानात हिरव्या पुड्या संपल्या होत्या. रंगाने काय होते, असे स्वतःला समजावून अर्जदारांनी पिवळी आणून ठेवली. दुसऱ्याच दिवशी भट्टी मधेच थांबली व कु. लाय यांनी वर्षभर थर चढवलेल्या अर्धवाहकाच्या चकत्या वाया गेल्या. तंत्रज्ञ श्री. पेंग सर्वांदेखत म्हणाले, "अगं पै-शान, पिवळी? भट्टीची रजा मंजूर करून मोकळी झालीस की!" सारे हसले. "मी नाही हो ठेवली, पेंगदादा. शप्पथ!" अर्जदार दारातच उभे होते. ते बोलले नाहीत.

४. अहवालात बिघाडाचे कारण 'अज्ञात' असूनही निष्काळजीपणाचा ठपका कु. लाय यांच्यावर आहे. पुडीमुळे भट्टी थांबली, असे अर्जदार पदार्थशास्त्रज्ञ म्हणून म्हणू शकत नाहीत. तिच्यामुळे थांबली नाही, असेही आता त्यांच्याने म्हणवत नाही. मात्र दारातल्या त्या मौनाचे कारण अज्ञात नाही.

५. खाऊ खाल्ल्याबद्दल शिक्षेची तरतूद नियमांत नसल्यास 'प्रयोगशाळेच्या साहित्याचा अपहार' अशी नोंद व्हावी. अर्जदारांची हरकत नाही. भट्टीवरील त्यांच्या वाट्याचा सर्व वेळ कु. लाय यांना द्यावा.

६. मुदत जूनअखेर संपत असल्याने कु. लाय अपुराच प्रबंध सादर करीत आहेत. काल त्यांनी ऋणनिर्देशाचे पान दाखवले. "सर, तुमचं नाव सगळ्यात वर घातलंय. चालेल ना?" अर्जदारांनी मान हलवली. ते पान छापले जाण्यापूर्वी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला विनम्र व दोषी,
(सही)
फान यु-जुंग
दि. १२ जून