पंधराचा नव्हता म्हणून

१२ जून

विभागप्रमुखांनी सांगून टाकलं — तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेला यंदा एकच प्रकल्प. बहात्तर मुलं, सगळी तेच यंत्र बनवणार. आराखडा आमच्यापैकी कुणीतरी द्यायचा. ज्याचा निवडतील त्याचं नाव पुस्तिकेवर.

एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तिका शिकवतो आहे. नाव हवंय का मला? हवंय. इथे खोटं कशाला लिहू.

१४ जून

तीन कल्पना खोडल्या. रेषेवर चालणारी गाडी — आयते भाग मिळतात, मुलं जोडतील आणि कोरडीच राहतील. तापमान दाखवणारी डबी — दाखवून पुढे काय? तिसरीचं नाव लिहितानाच जांभई आली.

१७ जून

सापडलं! आणि कुठे, तर घराच्या दारात.

बेल वाजवली, बाबांनी दार उघडलं. त्यांना बेल ऐकू येत नाही. त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीवर डबी आहे, बेल वाजली की तिच्यावरचा दिवा लुकलुकतो. अकरा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत बनवली. तेव्हापासून एकदाही बिघडली नाही, उघडावीही लागली नाही. म्हणून विसरायला झालं.

दिसायला सोपी, पण खोच आहे. कुकरची शिट्टी, खोकला, रस्त्यावरचे हॉर्न — यांना फसायचं नाही, फक्त बेल ओळखायची. मुलांचा घाम निघेल. आणि शेवटी कुणाच्या तरी घरात लागेल असं काहीतरी हातात येईल.

जुन्या फायलीत आकृतीही मिळाली. माझ्या अक्षरात.

१८ जून

मित्राला सांगितलं. आम्ही नोकरीला एकाच दिवशी लागलो, टेबलाला टेबल लागून. तो कप धूत होता.

मी म्हणालो, "यंदा बाबांची घंटी द्यायला हवी."

"देऊ की," तो म्हणाला. "उशीरच केला आपण."

त्याला आनंद झालेला पाहून बरं वाटलं.

२३ जून

आराखडा घेऊन गेलो. विभागप्रमुखांनी वरचं पान पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हे तर परवाच आलंय."

समोर मित्राची फाइल. बेल, दिवा, सगळं तेच. वर फक्त त्याचं नाव.

माणसांना एकच गोष्ट सुचू शकते, असं स्वतःला समजावत पानं उलटली. तिसऱ्या पानावर थांबलो. एका जागी पंधरा किलोओहमचा रेझिस्टर — वीज अडवणारा छोटा भाग — हवा. बाजारात सर्रास मिळतो, कुणीही डोळे झाकून तोच लावेल. त्याच्या आकृतीत तिथे दोन जोडलेत — दहाचा आणि चार पूर्णांक सातचा, मिळून जवळपास पंधरा. माझ्यातही तसंच. डबी बनवली त्या दिवशी पंधराचा संपला होता म्हणून. तो रिकामा खण मला अजून दिसतो. ती अडचण मूळ डबीचीच. ती कुणाला 'सुचत' नाही. ती उतरवली जाते.

२४ जून

"काय रे, तोंड का असं?" त्याने विचारलं.

"डोकं दुखतंय."

माझं उत्तर खोटं, त्याचा प्रश्नही खोटाच.

२६ जून

ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी त्याला विचारलंस का?"

"विचारायचं काय? डोळ्यांनी पाहिलंय."

"तू लहानपणीही असाच. आधी रुसायचास, कारण नंतर शोधायचास."

मग फार वेळ विचार केला. माझं चुकत असेल का? नावाच्या हावेपोटी मी हे करतोय का? दोन्ही आकृत्या आठवून पाहिल्या. नाही. हाव आहे, पण म्हणून चोरी खोटी ठरत नाही.

दुपारी विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. 'चोरी' हा शब्द वापरला. तोंडातून निघताना जड गेला, पण वापरला.

२७ जून

दोघांना समोरासमोर बसवलं. माझी आकृती त्याच्यापुढे ठेवली. दोन रेझिस्टरांभोवती लाल गोल मीच काढला होता. तो पाहत राहिला. मग म्हणाला, "अक्षर तुझंच आहे."

"मग?"

"तुला खरंच असं वाटतं?"

"वाटायचा प्रश्न नाही. दिसतंय."

काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो विभागप्रमुखांना म्हणाला, "मी माझा मागे घेतो, सर." फाइल उचलली आणि तासावर गेला.

निर्दोष माणूस भांडला असता. एवढी वर्षं शेजारी बसलो, माझ्या घरी जेवला, बाबांना काका म्हणतो — आणि एक वाक्य नाही? निदान खुलासा तरी करायचा. तेवढीही लायकी नाही का माझी?

१ जुलै

सूचना लागली. प्रकल्पाखाली माझं नाव. दोनदा वाचलं. काहीच वाटलं नाही.

त्याने टेबल खिडकीकडे ओढून घेतलंय. मधल्या जागेत फरशीचा स्वच्छ चौकोन उघडा पडला. माझा कप मात्र धुऊन पालथा ठेवलेला होता. सवयीने ठेवला असेल. मी तो परत धुतला.

२ जुलै

बाबा विचारत होते, "घंटीवाला आला नाही बरेच दिवस?"

मित्राला ते घंटीवालाच म्हणतात. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नाही म्हणून असेल.

"कामात आहे," मी ओरडून सांगितलं.

"हं?"

पुन्हा ओरडायचं जिवावर आलं.

४ जुलै

विभागप्रमुख म्हणाले, "मूळ डबी घेऊन या. उघडून मुलांना दाखवू."

उद्या काढतो. बाबांची एका दिवसाची गैरसोय.

५ जुलै

डबी काढली. झाकणाचे चारही स्क्रू गंजलेले.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. 'पंधराचा संपलाय. तूर्त दहा आणि चार पूर्णांक सात जोडलेत. काकांकडे येईन तेव्हा बदलतो.' खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर माझं नाही.

माझी आकृती कशावरून उतरवली होती, ते तेव्हा आठवलं. रिकाम्या खणापाशी तो वाकला होता. मी टॉर्च धरला होता.

बाबा मागे येऊन उभे होते.

"बिघडली का?" ते म्हणाले. "मग तू कशाला उघडलीस? घंटीवाल्याला बोलाव. त्याने केलेली आहे, त्यालाच कळेल."