आईचं ‘बोललं’

बाबा, काल मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पीकरची वायर ओढली. अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीपाशी आहे आणि सबवूफर ठेवायचा होता पलीकडे, आईच्या दिवाणाशेजारी. खोलीतून आडवी नेली असती तर निम्मीच वायर लागली असती. पण नंदनवनच्या जुन्या घरात, तुम्ही होतात तोवर, तुम्ही ती कधी कुणाच्या पायात येऊ दिली नाही, म्हणून मीही भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरवून आणली. आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते डबीतच पडून असतं. मला वाटलं, खर्जातला आवाज निदान तिच्या तळहाताला तरी कळेल. हे तिच्यासाठी करतोय की माझ्या समाधानासाठी, ते मला नीट ठरवता आलं नाही.

वायर तपासायची तुमची पद्धत आठवली. रविवारची सकाळ, आई पोळ्या अर्धवट टाकून पिठाच्या हातांनी स्पीकरसमोर येऊन बसलेली, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत वायरीच्या दुसऱ्या टोकाला टॉर्चमधला सेल टेकवताय. स्पीकर खट्कन वाजला की वायर धड आहे.

"बोललं का वं?"

"बोललं. सोडा आता मले, तवा जळून राहिला."

एकदा मीच मध्ये ‘बोललं’ म्हणालो, तर तुम्ही रागावलात. "तुले नाही विचारलं. तिचा कान पक्का आहे."

काल मीही तसंच केलं. तिचा हात सबवूफरवर ठेवला, खुणेनं समजावलं आणि टीव्हीपाशी आलो. वायरीचं टोक सोलायचं राहिलं होतं. सेल खिशातच होता. मी वाकून ते टोक दातांनी सोलत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "बोललं."

मी मान वर केली. ती माझ्याकडेच पाहत होती.

"काहून पाहून राहिला असा? बोललं ना. बाबापेक्षा लवकर जमलं तुले."

नंदनवनच्या त्या स्पीकरला जाळी नव्हती. सेल टेकला की त्याचा कागदी पडदा हललेला दिसायचा. या खोक्यावर काळं कापड आहे, आत काही हललं तरी दिसत नाही. म्हणजे तेव्हा ती ऐकत होती की नुसती बघत होती? तुम्हाला हे माहीत होतं का, आणि माहीत असूनच तुम्ही तिचा कान पक्का म्हणत होतात का? ऑफिसातून आल्यावर मी रोज तिच्याजवळ बसून दिवसभराचं सांगतो आणि ती "हो गा" म्हणते. आता त्या प्रत्येक ‘हो’पाशी मी अडखळतो.

मी तिला अंगठा दाखवला. वायर मात्र जोडली नाही. सेल एकदा टेकवला, तर तिच्या हाताला काही पोचतं की नाही ते कळेल, म्हणून तोही टेकवला नाही. आज सकाळी तिनं विचारलं, "गाणं कधी लावतो गा?" मी खुणेनं सांगितलं, बाजारातून एक वस्तू आणायची राहिली आहे. काहीही आणायचं राहिलेलं नाही, बाबा.